सिक्स्थ फॉर्ममधल्या माणसांबद्दल, तू विचारलंस म्हणून

तुझा मेसेज वहिनींनी मला पुढे पाठवला. त्यात मोठे प्रश्न दोन आहेत, आणि जाता जाता एकटेपणाचंही विचारलं आहेस. तुझ्या नवऱ्याला इंग्लंडात डर्बीला नोकरी मिळाली आहे आणि लेक यंदा दहावी झाली. तर तिला सप्टेंबरपासून तिथल्या सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारख्या दोन वर्षांना, घालावं, की सांगलीला आजीजवळ ठेवून बारावी होऊ द्यावी आणि मग न्यावं, हा एक. आणि तू स्वतः इतकी वर्षं ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आहेस, तर इंग्लंडात तुला कुणी शिकवू देईल का, हा दुसरा. आम्ही २०२२ च्या उन्हाळ्यात साताऱ्याहून मिडलंड्समध्ये आलो. मी नर्स म्हणून, मुलगा नुकताच दहावी झालेला, आणि हे तिकडे पंधरा-सोळा वर्षं ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवून मागाहून आलेले. तुझे दोन्ही प्रश्न आमच्या घरात येऊन राहिलेले आहेत, आणि ते अजून गेलेले नाहीत. म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

व्हिसा, हेल्थ सरचार्ज, बँक खातं, घरभाडं हे सगळं सरकारी संकेतस्थळावर नीट दिलेलं आहे. ते मी लिहीत नाही. एकच गोष्ट लिहिते, कारण तुझा पहिला प्रश्न तिच्यावर उभा आहे. डिपेंडंट म्हणून मुलाचा पहिला अर्ज अठरा पूर्ण व्हायच्या आत करावा लागतो. बारावी आटोपेपर्यंत लेक अठराची होत असेल, तर तिला नंतर न्यायचा हा रस्ता बंद झालेला असेल. तिची जन्मतारीख समोर ठेवून आजच हिशेब कर. आजीची तब्येत, क्लासची फी वगैरे विचार त्यानंतरचे.

आता सिक्स्थ फॉर्म. इयर १२ आणि इयर १३, सोळा ते अठरा वयाची मुलं. काही शाळांना जोडलेला सिक्स्थ फॉर्म असतो, तिथे दोन-अडीचशे मुलं असतात. काही ठिकाणी तेवढ्याचंच स्वतंत्र कॉलेज असतं, तिथे दोन हजारही असू शकतात. असं पहिलं स्वतंत्र कॉलेज १९६६ साली लूटनला निघालं. आमचा मुलगा अशा स्वतंत्र कॉलेजात होता. शाळेत मुलं शिक्षकांना सर आणि मिस म्हणतात. त्याच्या कॉलेजात थेट पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत. पहिले काही महिने तो शिक्षकांना कशानेच हाक मारायचा नाही. हात वर करून बसायचा, लक्ष जाईपर्यंत.

आपल्याकडची अकरावी-बारावी तुला मी काय सांगणार. प्रवेश कॉलेजात, अभ्यास क्लासमध्ये, आणि आता तर इंटिग्रेटेडच्या नावाखाली मुलं कॉलेजचं तोंडही बघत नाहीत. हे सांगायचे की प्रॅक्टिकलच्या बॅचला मुलं आली की त्यातल्या निम्म्यांचे चेहरे त्यांना नवीन वाटायचे, आणि जर्नल मात्र सगळ्यांची पूर्ण असायची. इंग्लंडात क्लासचा आधार नाही. खासगी शिकवण्या आहेत, पण त्या जोडीला. सगळा भार कॉलेजातल्या माणसांवर असतो, आणि म्हणून तिथली माणसं कशी आहेत यावर मुलाची दोन वर्षं ठरतात. वेबसाइटवरचे निकाल, नवीन इमारत, कँटीन हे बघून काही कळत नाही. मी तुला त्या माणसांबद्दलच सांगते.

विषय बहुधा तीन घेतात. एकेका ए-लेव्हलला, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या शेवटी परीक्षा होणाऱ्या विषयाला, आठवड्याला चार-पाच तास, आणि पुष्कळदा एका विषयाला दोन शिक्षक, अभ्यासक्रम वाटून घेतलेले. उरलेला वेळ मोकळा दिसतो. तो मोकळा नाही, त्यात लायब्ररीत बसून स्वतः अभ्यास करायचा असतो. आपल्या मुलांना हे झेपायला वेळ लागतो. शिक्षक शिकवतात छान, पण ते डिक्टेशन देत नाहीत. बोर्डाची प्रश्नपत्रिका आणि गुण कसे द्यायचे त्याचा तक्ता मुलांच्याच हातात देतात आणि म्हणतात, तूच तुझं उत्तर तपास. माझ्या मुलाला फिजिक्स येत होतं. गणितं सोडवायचा. पण ‘स्पष्ट करा’ म्हटलं की आपल्या पद्धतीने अर्धं पान लिहायचा आणि सहापैकी दोन गुण मिळायचे, कारण तक्त्यातले मुद्दे त्या अर्ध्या पानात नसायचे. हे त्याला फिजिक्सच्या शिक्षकाने सांगितलं नाही. सांगितलं ते इंग्रजीच्या बाईंनी, आणि त्या त्याला भेटल्या त्यामागे एक कागद आहे.

तो कागद मला अजून सलतो. सोळाव्या वर्षी इंग्रजी आणि गणितात जीसीएसईला, म्हणजे तिथल्या दहावीसारख्या परीक्षेला, किमान ग्रेड ४ नसेल, तर ते विषय पुढेही शिकत राहणं ही कॉलेजला मिळणाऱ्या सरकारी पैशाची अट आहे. परदेशी बोर्डाचे गुण समकक्ष धरता येतात, त्यासाठी युके एनिक नावाच्या संस्थेचं पत्र मिळतं. आम्ही ते काढलं, पैसे भरले. आमच्या कॉलेजने गणित मान्य केलं आणि इंग्रजी नाही. शेजारच्या गावातल्या ओळखीच्या मुलीचं, त्याच बोर्डाचं, त्याच वर्षाचं इंग्रजी तिच्या कॉलेजने एका ईमेलवर मान्य केलं. मी तीनदा फोन केला, दर वेळी वेगळ्या माणसाने वेगळं उत्तर दिलं. मुलाला दहावीला इंग्रजीत पंच्याऐंशीच्या वर गुण होते आणि तो दर आठवड्याला नापास मुलांबरोबर त्या वर्गात बसायचा. पण त्या वर्गाच्या बाई फार चांगल्या होत्या. ज्यांना पुन्हा बसायची इच्छा नाही अशा मुलांना वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या शिक्षकाकडे जो धीर असतो, तो त्यांच्याकडे होता. प्रश्न कसा वाचायचा, किती लिहायचं, कुठे थांबायचं हे त्यांनी त्याला शिकवलं, आणि ते त्याला तिन्ही विषयांत उपयोगी पडलं. तुझ्या लेकीवर ही वेळ आली तर भांड जरूर, पण तो वर्ग वाया जातो असं तिला सांगू नकोस.

दुसरा कागद मार्कशीटचा. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. कुणीतरी ते बघून संगणकात भरलं आणि आडनाव हेच त्याचं पहिलं नाव झालं. गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्ट्यावर तेच छापलं. सगळे शिक्षक त्याला आडनावाने हाक मारत होते आणि याने कुणालाही सांगितलं नाही. शेवटी ते पकडलं एक्झाम्स ऑफिसरने. परीक्षा विभागात एक-दोन माणसं असतात, कुणाचंच त्यांच्याकडे लक्ष जात नाही. उन्हाळी परीक्षेची नावं फेब्रुवारीत बोर्डांकडे जातात. त्याआधी त्यांनी पासपोर्ट मागवून घेतला, पडताळला, सगळं दुरुस्त केलं आणि मला स्वतःहून फोन करून सांगितलं की सर्टिफिकेटवर चुकीचं नाव आलं असतं तर पुढे फार त्रास झाला असता. त्या माणसाचं काम असं की सगळं सुरळीत झालं तर त्यांचं नावही कुणाला कळत नाही. लेकीचं नाव नोंदवताना पासपोर्टची प्रत पुढे कर, मार्कशीट मागून दे.

आता ज्याबद्दल मला शांतपणे लिहिता येत नाही ते लिहिते. युनिव्हर्सिटीचे अर्ज युकास या प्रवेशाच्या संस्थेमार्फत जातात, इयर १३ च्या सुरुवातीलाच. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिकलची मुदत १५ ऑक्टोबर, बाकीच्यांची जानेवारी. ए-लेव्हलचा निकाल लागतो त्यानंतरच्या ऑगस्टात. म्हणजे अर्ज जातो तो शिक्षकांनी वर्तवलेल्या ग्रेडवर, आणि ती ग्रेड बहुतेक ठिकाणी इयर १२ च्या शेवटी, जून-जुलैत होणाऱ्या कॉलेजच्या परीक्षेवरून ठरते. हिशेब कर. तुझी लेक सप्टेंबरात येईल, थंडी आणि अंधारात निम्मं वर्ष काढेल, भाषेचा कान लागेपर्यंत मार्च उजाडेल, आणि जूनमध्ये कुणीतरी ठरवेल की ती किती हुशार आहे. माझ्या मुलाला फिजिक्समध्ये बी दिला. त्याला इंजिनिअरिंग हवं होतं. आम्ही विचारायला गेलो तेव्हा शिक्षक म्हणाले, माझ्याकडे ए देण्याइतका पुरावा नाही. माणूस वाईट नव्हता. प्रामाणिक होता, आणि त्यामुळेच त्याच्यावर नीट रागावताही येत नाही. पण त्या एका अक्षरामुळे ज्या दोन युनिव्हर्सिट्या त्याच्या मनात होत्या, तिथे त्याने अर्जच केला नाही. निकाल लागला १५ ऑगस्ट २०२४ ला. फिजिक्सला ए होता.

लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमधल्या गिल वायनेस यांनी २०१६ मध्ये तपासून दाखवलं होतं की तीन विषयांचे अंदाज तंतोतंत बरोबर आलेले विद्यार्थी फक्त १६ टक्के होते. बहुसंख्यांना जास्तीची ग्रेड वर्तवलेली असते. हे वाचल्यावर मला जास्त वाईट वाटलं. इतरांना ढील मिळते आणि आपल्याला काटेकोरपणा, असं वाटलं. यात काही अन्याय होता की नुसता वेळ कमी पडला, हे मला आजही ठरवता येत नाही. यांना विचारलं तर म्हणतात, मीही त्याला बीच दिला असता. हे वाक्य मला त्या शिक्षकाच्या वाक्यापेक्षा जास्त लागलं.

म्हणून सांगते, पहिल्याच पालकसभेत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, शिक्षकांना सरळ विचार: अंदाज कोणत्या परीक्षेवरून ठरवता, त्यानंतर सुधारायची संधी देता का, कधीपर्यंत? प्रत्येक शिक्षकाला भेटायला पाच-सात मिनिटं मिळतात, आता पुष्कळदा व्हिडिओवरच, आणि वेळ संपली की स्क्रीन आपोआप बंद होतो. नमस्कार-चमत्कारात ती मिनिटं घालवू नकोस. आपल्याला शिक्षकाला असं विचारणं उद्धटपणाचं वाटतं. तू स्वतः शिक्षिका आहेस, तुला तर जास्तच वाटेल. तिथे कुणालाही तसं वाटत नाही.

प्रत्येक मुलाला एक ट्यूटर असतो. तो विषय शिकवेलच असं नाही. आठवड्याला गटाला भेटतो, एकेकट्यालाही भेटतो, हजेरी बघतो आणि युकासचं शिफारसपत्र बहुधा तोच जुळवतो. २०२४ च्या प्रवेशांपासून या पत्राचे तीन भाग केले आहेत. पहिल्यात कॉलेजची माहिती, दुसऱ्यात विद्यार्थ्याच्या अभ्यासावर परिणाम करणाऱ्या परिस्थितीबद्दल, तिसऱ्यात आणखी काही सांगण्यासारखं असेल तर. दुसरा भाग मुलाच्या संमतीने लिहितात. देश बदलणं, बोर्ड बदलणं, घरात पालक नसणं हे त्यात येऊ शकतं, पण ट्यूटरला ते माहीत असलं तर. आणि आपली मुलं सांगत नाहीत. घरचं बाहेर सांगू नये हे आपणच शिकवलेलं असतं.

माझ्या मुलाच्या ट्यूटरला ते कळलं, पण माझ्याकडून नाही. कॉलेजात स्टुडंट सपोर्टची एक खोली होती, कँटीनच्या शेजारी. तिथे एक पन्नाशीच्या बाई बसायच्या. त्या शिक्षिका नव्हत्या. अशी माणसं जवळपास प्रत्येक सिक्स्थ फॉर्ममध्ये असतात, कुठे त्यांना पास्टोरल मॅनेजर म्हणतात, कुठे आणखी काही. जानेवारीत मुलगा गणिताच्या तासांना जाईनासा झाला. हजेरी घसरली की तिथे लगेच कुणाच्या तरी पडद्यावर ते दिसतं. त्या बाईंनी त्याला बोलावलं, चहा दिला आणि काही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात तो आपण होऊन गेला. मग जातच राहिला.

मला हे समजलं ते त्यांच्या फोनवरून. मी रात्रपाळी करून झोपले होते. त्या म्हणाल्या, तो माझ्याकडे येतो एवढं तुम्हाला सांगायची त्याने परवानगी दिली आहे. काय बोलतो ते मी सांगणार नाही. त्याच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मात्र सांगेन, आणि सेफगार्डिंगच्या, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेच्या, प्रमुखांनाही सांगावं लागेल. आत्ता तसं काही नाही.

अगं, वॉर्डात मी रोज हेच करते. पेशंटचा भाऊ फोन करतो, रडतो, आणि मी सांगते की पेशंटच्या परवानगीशिवाय मला काही सांगता येणार नाही. त्या बाई जे म्हणाल्या तो शब्दन् शब्द मला पाठ आहे. तरीही फोन ठेवल्यावर मला जे वाटलं ते मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही. माझ्या पोटचा मुलगा एका अनोळखी बाईसमोर बसून, परक्या भाषेत, काहीतरी बोलतो आहे, जे तो माझ्यासमोर मराठीत बोलत नाही. हे डिसेंबरअखेर आले होते. त्याआधीचे महिने माझ्या रात्रपाळीत तो घरात एकटा झोपत होता. त्याबद्दल बोलत असेल का? परत साताऱ्याला जायचं आहे असं म्हणत असेल का? मी त्याला विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

त्या बाईंनी त्याला उभं केलं. गणिताच्या शिक्षिकेशी बोलून बुडालेला भाग भरून काढायची व्यवस्था केली, लायब्ररीतल्या माणसाला सांगून संध्याकाळी शेवटपर्यंत बसायची सोय केली, ट्यूटरला हवं तेवढंच सांगितलं. शिफारसपत्राचा दुसरा भाग त्यातूनच लिहिला गेला. त्यात काय आहे ते मी वाचलेलं नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, आणि त्यांच्याबद्दल जे आत कुठेतरी दुखतं तेही गेलेलं नाही. दोन्ही खरं आहे. तुला हे सांगण्याचं कारण असं की तुझ्या लेकीच्या बाबतीतही कुणीतरी असं येईल, यावं अशीच इच्छा कर, आणि ते आल्यावर काय वाटेल याची थोडी तयारी ठेव. सोळाव्या वर्षानंतर तिथली माणसं मुलाला आधी विचारतात, मग आई-वडिलांना. माझ्या ओळखीतल्या काही घरांत यावरून कॉलेजशी भांडणं झाली. मी भांडले नाही. ते बरोबर केलं असं मला वाटतं, बहुतेक दिवस.

अजून एका माणसाचं नाव न घेता सांगते, करिअर्स अ‍ॅडव्हायझरचं. इयर १२ च्या पहिल्याच टर्ममध्ये तिने मुलाला विचारलं, तुमच्या घरी फी स्टेटसचा विचार झाला आहे का? झालेला नव्हता. सिक्स्थ फॉर्मच्या दोन वर्षांना फी पडली नाही, पण युनिव्हर्सिटीला स्थानिक फी लागू व्हायला कायम वास्तव्याचा परवाना आणि आधीची तीन वर्षं राहिलेलं असणं, दोन्ही लागतं. २०२५-२६ ला स्थानिक फी वर्षाला ९,५३५ पौंड होती. परदेशी विद्यार्थ्याची त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि तुझी लेक व्हिसावर आलेली असल्यामुळे बहुधा त्यातच मोडेल. तिने हे वेळेत सांगितलं म्हणून आम्हाला तयारीला दोन वर्षं तरी मिळाली. साताऱ्याजवळची जागा विकली. मुलगा घरून जाता येईल अशा युनिव्हर्सिटीत गेला. निघण्याआधी नवरा-बायकोंनी हा आकडा कागदावर मांडा. तुझ्या पहिल्या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला एवढं एकच वजनदार कारण आहे.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. नोव्हेंबरात दुपारी चारला दिवे लागतात आणि रविवारी फोनवर सगळे आनंदात असतात. मंडळं आहेत, लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासूनचं आहे, तुमच्याजवळही एखादं सापडेल, गणपतीला जा. त्याहून जास्त त्यावर मी लिहिणार नाही.

आता तुझं. यांची गोष्ट सांगते, त्यातून तुझं उत्तर तू काढ.

इंग्लंडातल्या सरकारी शाळांत शिक्षक म्हणून क्यूटीएस हा दर्जा मागतात. २०२३ च्या फेब्रुवारीत भारतासह काही देशांतल्या शिक्षकांना तो थेट मागायची सोय झाली. हे खूश झाले. पण भारतासाठी अट अशी की गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणारे हवेत आणि ११ ते १६ या वयोगटाला शिकवण्याची पात्रता हवी. यांचं सगळं आयुष्य अकरावी-बारावीत गेलं. शिवाय तुम्ही शिक्षक म्हणून अधिकृत आहात, तुमच्यावर बंदी नाही, असं सरकारी अधिकाऱ्याचं पत्र हवं. तसलं पत्र आपल्याकडच्या कार्यालयात मागितलं तर म्हणाले, असा नमुनाच आमच्याकडे नाही. मेहुण्याने कितीतरी खेपा घातल्या. मग आलेल्या पत्रावर तारीख नव्हती. सिक्स्थ फॉर्म कॉलेजात क्यूटीएस कायद्याने सक्तीचं नाही, तिथे तरी होईल म्हणून अर्ज केले. तिथे जुन्या संस्थेकडून रेफरन्स मागतात, आणि तो संस्थेच्या अधिकृत ईमेलवरूनच यावा लागतो. जीमेलवरून आलेला धरत नाहीत. यांचे प्राचार्य सगळा कारभार जीमेलवर करायचे.

शेवटी हे एका शाळेच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये सायन्स टेक्निशियन झाले. शिक्षकांनी आदल्या दिवशी चिठ्ठी द्यायची, यांनी साहित्य मोजून ट्रॉली भरून वर्गात न्यायची, रसायनांची नोंद ठेवायची, तास संपला की परत आणून धुऊन ठेवायचं. वर्षाच्या ३९ आठवड्यांचं काम, पगार बारा महिन्यांवर पसरलेला, म्हणून दर महिन्याला तो कमी दिसतो. ए-लेव्हलच्या विज्ञानात किमान बारा प्रयोग मुलाने स्वतः करावे लागतात आणि त्याचा शेरा पास किंवा नापास असा वेगळा लागतो. ती मुलं खरंच प्रयोग करतात. हे सांगताना यांचा चेहरा उजळतो. आणि मग सांगतात की आज एका नव्या शिक्षिकेचं ऑसिलोस्कोपचं कनेक्शन चुकलं होतं, मी मागून हळूच सांगितलं. ती त्यांना सगळ्यांसमोर थँक्यू म्हणाली. हे त्या दिवशी जेवताना काही बोलले नाहीत.

मी त्यांना कधी विचारलं नाही की पश्चात्ताप होतो का. तू तुझ्या मनाला आधी विचार: शिकवणं हेच हवं आहे, की शाळेच्या वातावरणात राहणं पुरेल? पहिलं हवं असेल, तर निघायच्या आत तीन कागद हातात घे. कोणत्या इयत्ता, कोणतं वय, कोणता विषय आणि कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत शिकवलं, हे लिहिलेलं अनुभवपत्र. आठवी ते दहावीचे तास घेतले असशील तर त्याचा उल्लेख नक्की. शिक्षण विभागाचं तारीख-सहीचं पत्र. आणि पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस क्लिअरन्स दाखला. प्राचार्यांना संस्थेच्या नावाचा ईमेल उघडायला लाव, तुझ्यासमोर. दुसरं चालणार असेल, तर टेक्निशियन, तास सांभाळणारे कव्हर सुपरवायझर, मे-जूनमध्ये परीक्षेचे पर्यवेक्षक अशी कामं मिळतात, आणि केमिस्ट्री येणाऱ्या माणसाला टेक्निशियनचं काम तुलनेने लवकर मिळतं.

तिथल्या शिक्षकांचं सगळं सुखाचं आहे असंही धरू नकोस. २०२४ साली शाळांतल्या शिक्षकांना ५.५ टक्के पगारवाढ जाहीर झाली, आणि स्वतंत्र सिक्स्थ फॉर्म कॉलेजांना त्यासाठी तसे पैसे मिळाले नाहीत. नोव्हेंबरअखेर ते शिक्षक संपावर गेले. मुलगा तोवर बाहेर पडला होता. मी ड्यूटीवरून येताना गेटवर त्याच्या इंग्रजीच्या बाई फलक धरून उभ्या दिसल्या. बस थांबायच्या आत मी उठले, उतरले, त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी पहिल्यांदा मुलाचं विचारलं, त्याच्या खऱ्या नावाने.

तर पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: जन्मतारखेचा हिशेब आणि फीचा आकडा, दोन्ही पेलत असेल तर लेकीला बरोबर आण. पण ऑगस्टच्या शेवटी येऊन धडकू नका. जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात इंग्लंडातल्या शाळा बंद होतात, मग ईमेलला उत्तर द्यायला माणूस नसतो, आणि ऑगस्टमध्ये जीसीएसईच्या निकालानंतर स्थानिक मुलांचे प्रवेश सुरू झाले की लोकप्रिय विषय भरतात. डर्बीतल्या आणि आजूबाजूच्या तीन-चार ठिकाणी याच आठवड्यात ईमेल कर. सिक्स्थ फॉर्मच्या प्रमुखांच्या नावाने कर. नाव वेबसाइटवर असतं. त्यात विचार: दहावीचं इंग्रजी आणि गणित मान्य करता का, ते लेखी सांगा. उशिरा आलेल्या परदेशी मुलांसाठी ग्रेडच्या अंदाजाची वेगळी काही पद्धत आहे का? आणि मुलीला पहिल्या आठवड्यात अडचण आली तर तिने कुणाकडे जायचं, त्या व्यक्तीचं नाव काय? या शेवटच्या प्रश्नाला जे लगेच नावानिशी उत्तर देतील, त्यांना यादीत वर ठेव. उत्तरं आली की मला पाठव, यांना दाखवते. विज्ञान विभागाबद्दल काय विचारायचं ते हे सांगतील, त्यांना आवडेल.